श्री. नीटनेटके यांचा ओला टॉवेल

माझ्या सासऱ्यांनी सिनेमात काम केलेलं आहे. ही माहिती आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला चपला काढायच्या आत मिळते. बायको सांगते, नाहीतर मुलगी सांगते, आणि दोघी घरात नसल्या तर हॉलमधला फोटो सांगतो. फोटोत सासरे तरुण आहेत, केस चापून बसवलेले आहेत आणि चौकटीबाहेर कुठेतरी बघून ते हसतायत. सिनेमा म्हणजे नाचगाण्यांचा नव्हे. पूर्वी थिएटरात मुख्य चित्रपटाच्या आधी प्रचार खात्याचे छोटे बोधपट दाखवत, त्यातला एक. नाव ‘श्री. नीटनेटके आणि श्री. गबाळे’. सासरे त्यात श्री. नीटनेटके होते.

हे बोधपट ज्यांनी पाहिलेले नाहीत ते सुखी आहेत. मी लहानपणी ढिगाने पाहिलेत. सगळ्यांत एकच कुटुंब असायचं. वडील पेपर वाचत हसायचे, आई दुधाचा पेला घेऊन हसत यायची आणि मूल दूध बघून हसायचं. दूध बघून हसणारं मूल मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. माशी दाखवायची असली तर तिच्याकडे बाण करून खाली ‘माशी’ असं लिहीत, म्हणजे कोणी तिला हत्ती समजायला नको. आणि या सगळ्यावर एक आवाज. “नागरिकहो!” नळ गळतोय एवढं सांगायला त्या गृहस्थांना युद्ध पुकारल्याचा आवाज लागायचा. “नागरिकहो, आपला नळ गळतो आहे काय?” थिएटरात मागून कोणीतरी “हो!” म्हणून ओरडायचं, आणि तेवढीच काय ती करमणूक.

हा आवाज मला हुबेहूब काढता येतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण ऑफिसात कोणाचाही निरोपसमारंभ असला की मला धरून आणतात आणि “तो आवाज काढा” म्हणतात. माझ्या अंगी एवढी एकच कला आहे. बाकी मी गबाळा.

हे मी म्हणत नाही, सासरे म्हणतात. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच सकाळी माझा ओला टॉवेल पलंगावर पडलेला त्यांना दिसला. ते ओरडले नाहीत. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर तरी देता येतं. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, तिहेरी घडी घातली, दोरीवर टाकला आणि म्हणाले, “आमच्या चित्रपटात श्री. गबाळे अगदी असेच होते हो, जावईबापू.” झालं. तेव्हापासून मी ऑफिसातून आलो की “आले श्री. गबाळे”, मी चष्मा शोधायला लागलो की “श्री. गबाळे काही शोधतायत वाटतं.” मुलगी फिदीफिदी हसायची. पुढे ते नाव जिन्याने खाली उतरलं, आणि एक दिवस इस्त्रीवाल्याने बेल वाजवून माझ्याच तोंडावर विचारलं, “गबाळेसाहेबांचे कपडे आहेत का?” मी कपडे दिले. करतो काय? शर्टाला बटण नव्हतं.

सासरे स्वतः मात्र जसे काही चित्रपटातून थेट घरात उतरलेले. त्यांच्या चपलांची तोंडं नेहमी दाराकडे, रुमालाचे चारही कोपरे एकावर एक, पेपर वाचून झाला तरी न वाचल्यासारखा. मुलगी त्यांच्यावर जीव टाकते. ती चौदा वर्षांची आहे, म्हणजे आईबापांपैकी कोणाचंच ऐकायचं नाही असं तिचं वय आहे, पण कपाट आजोबांसारखं लावते. “आजोबा खरेखुरे नीटनेटके आहेत, सिनेमात दाखवलेत,” असं तिने शाळाभर सांगून ठेवलंय.

तर सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मी म्हटलं, आपण तो बोधपट शोधून काढू आणि बिल्डिंगच्या हॉलमध्ये दाखवू. घरात कोणीच तो पाहिलेला नव्हता, अगदी बायकोनेही नाही. ती जन्मायच्या आतच त्याचे खेळ बंद झाले होते. माझा हेतू शुद्ध होता. शुद्ध म्हणजे, या माणसाच्या तोंडून मला मरायच्या आत एकदा “वा, जावईबापू” ऐकायचं होतं. बाकी काही नाही.

मी बेत जाहीर केला तेव्हा सासरे चहा पीत होते. कप बशीवर ठेवताना आवाज झाला. त्यांच्या कपाचा कधी आवाज होत नाही.

“कशाला उकरून काढताय?” ते म्हणाले. “सडली असेल ती रीळ.”

“नाही बाबा, खात्याच्या गोदामात आहे. मी फोन केला होता.”

“मला उजेड सोसत नाही डोळ्यांना.”

“अंधारातच असतो हो सिनेमा.”

“लोकांना कशाला त्रास?”

किती हा विनय, असं मला वाटलं. बायकोचे तर डोळेच पाणावले. ती म्हणाली, “बाबा पहिल्यापासून असेच. स्वतःचं कौतुक म्हणून नकोच त्यांना.” मुलगी तोवर बिल्डिंगभर आमंत्रणं करायला पळालीसुद्धा.

घोडं अडलं ते खात्यात. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आणि मग नियम सांगितला. बोधपट करमणुकीसाठी देता येत नाही. ज्यांना त्या विषयाच्या बोधाची गरज आहे अशांनाच मिळतो. म्हणजे डासांचा बोधपट हवा असेल तर तुमच्याकडे डास असले पाहिजेत.

“मग आम्ही काय करायचं?” मी विचारलं.

“तुमच्या सोसायटीत गबाळे लोक आहेत असा ठराव करून आणा,” बाई म्हणाल्या. “आणि खेळाला मी स्वतः येणार. शेवटी प्रेक्षकांना काय शिकलात ते विचारावं लागतं. ते बरोबर सांगितलं नाही तर पुन्हा आमची रीळ मिळणार नाही. आणखी एक. तिचा आवाज गेलाय. चित्र चांगलं आहे, ऐकू काही येणार नाही.”

आवाज गेलाय म्हटल्यावर मला उलट आनंदच झाला. तो आवाज माझ्या खिशात होता.

आमचे चेअरमन कुठल्याही विषयावर सभा घेऊ शकतात, पण या विषयावर त्यांनाही घाम फुटला. सोसायटीत गबाळे लोक आहेत हे सर्वांना मान्य होतं. ते कोण, यावर मात्र आवाज चढायला लागले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, जिन्यात सायकल लावणारे. सायकलवाले म्हणाले, गॅलरीतून कुंड्यांचं पाणी सोडणारे. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की गबाळेपणाचं मूळ दातांत असतं. कोणी विचारलं नव्हतं, पण ते म्हणाले. शेवटी चेअरमननी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

“तुमचं नाव घातलं तर?” चेअरमन म्हणाले. “एक उदाहरणादाखल. तसंही...”

“तसंही काय?”

“तसंही इस्त्रीवाला म्हणतोच.”

अशा रीतीने मी एकमताने, हात वर करून, अधिकृत गबाळा झालो. सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी माणूस किती खाली उतरू शकतो याची ही हद्द होती, असं मला तेव्हा वाटलं.

सिनेमा दाखवायचं मशीन मुलीच्या शाळेतून मिळालं. शाळेने ते कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर दिलं, आणि त्याचा दिवा उडालेला असल्यामुळे नवा दिवा शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. त्यामुळे आधी एकदा चालवून बघायचं राहून गेलं. पडदा म्हणून डॉक्टरांनी पलंगपोस दिला. पांढरा आहे म्हणाले होते. पांढराच होता, पण मधोमध फिकट गुलाबी फुलांचा गुच्छ होता. वहिनी म्हणाल्या उलटा लावा. उलटा लावला तर फुलं खाली डोकं वर पाय झाली, पण गेली नाहीत. सायकलवाले म्हणाले पंखा बंद करा, पडदा हलतोय. बंद केला तर लोक म्हणाले उकडतंय. मी शर्ट बदलायला घरी पळालो, हातपाय धुतले, परत पळत आलो.

हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध सासरे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये बरोबर उभी धरून. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला खात्याच्या बाई. मी पडद्याशेजारी माईक घेऊन उभा. हातात मी लिहून आणलेली कॉमेंट्री. त्यात मी दोन आठवडे जीव ओतला होता. श्री. गबाळे यांना असं काही झोडलेलं होतं की हसून लोकांची मुरकुंडी वळावी, आणि श्री. नीटनेटके यांना डोक्यावर घेतलेलं होतं.

दिवे गेले. मशीन खडखडलं. नाव आलं. मी छाती भरून “नागरिकहो!” म्हटलं आणि हशा पिकला. पहिलं दृश्य उघडलं. खोली. पलंग. न्हाणीघराचं दार उघडून एक तरुण बाहेर आला. कपाळावर गुलाबी फुलं होती, पण चेहरा आमच्या घरच्या फोटोतलाच. टाळ्या पडल्या. मुलीने शिट्टी मारली. तरुणाने अंग पुसलं. मग एखादी सवयीची गोष्ट करावी तसा, न बघता, त्याने ओला टॉवेल पलंगावर फेकला.

टॉवेल गादीवर चांगला पसरून पडला. नंतर त्या तरुणाने शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली आणि चप्पल शोधायला पलंगाखाली शिरला.

मी हातातल्या कागदाकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे. मशीनच्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. शेजारी मुलीची शिट्टी वाजवायला घातलेली बोटं तोंडातच राहिली होती.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात उकळी फुटली. सगळी “आले श्री. गबाळे” एकदम आठवली. इस्त्रीवाला आठवला. हात वर केलेली अख्खी सोसायटी आठवली. कॉमेंट्री तयार होती, माईक चालू होता, आणि मी लिहिलेलं जसंच्या तसं वाचायचं एवढंच काम होतं. “पाहा, पाहा हे श्री. गबाळे!” हे वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. आणि सासऱ्यांची काठी थोडी तिरकी झाली. तो माणूस काठी कधी तिरकी धरत नाही. मला त्यांची दया आली नाही, हे आधीच सांगतो. मला भीती वाटली. उद्यापासून हा माणूस पलंगावरचा टॉवेल बघून काहीच बोलला नाही तर, अशी भीती.

“नागरिकहो,” मी म्हणालो, “हे पाहा, हे आपले श्री. नीटनेटके!”

आता थांबून चालणार नव्हतं.

“नीटनेटक्या माणसाची पहिली खूण कोणती? तो ओला टॉवेल पलंगावर ठेवतो! दोरीवरचा टॉवेल शेजाऱ्यांना दिसतो. पलंगावरचा फक्त पत्नीला. घरातली गोष्ट घरात राहते!”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. पडद्यावर दुसरे गृहस्थ आले, तेल लावलेले, सुतासारखे सरळ, आणि टॉवेलाची तिहेरी घडी घालू लागले.

“आणि हे श्री. गबाळे! पाहा, एक साधा टॉवेल, पण यांना तीनदा दुमडावा लागतो! एकदाच दुमडला तर यांना तो ओळखू येत नाही!”

हशा. सासरे चुकीच्या बटणांनी रस्त्यावर आले. “श्री. नीटनेटके यांनी वरचा काजा मोकळा ठेवला आहे, अडीअडचणीला असावा म्हणून!” सासरे छत्री बसमध्ये विसरून उतरले. “मागून येणाऱ्या प्रवाशाची सोय!” सासऱ्यांनी टेबलावर शाई सांडली. “साहेबांना शाई कुठे आहे ते आता शोधावं लागणार नाही!” समोरच्या वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. दातांच्या डॉक्टरांचे सगळे दात दिसत होते.

“अहो, थांबा, थांबा!” खात्याच्या बाई उठल्या. “हे उलटं चाललंय!”

“बाई, मूळ आवाज तुम्ही ऐकलाय का?” मी माईकमधूनच विचारलं.

“नाही, पण डोळ्यांना दिसतंय ना!”

“खाली बसा, पडद्यावर सावली पडतेय!” चेअरमन ओरडले. चेअरमन माझ्या बाजूने बोलल्याची आजवर एवढीच नोंद आहे.

शेवटच्या दृश्याने मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोधपट बनवणाऱ्यांना दयामाया नसते. सासरे स्वतःच्याच दारात काढलेल्या चपलांना अडखळून पडले आणि पायाला हे एवढं बँडेज बांधून पलंगावर बसले. तेल लावलेल्या गृहस्थांना साहेबांनी हस्तांदोलन करून भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. आता याचं काय करू?

“श्री. नीटनेटके यांना अखेर विश्रांती मिळाली आहे,” मी म्हणालो. आवाज जरा फाटला. “पाहा, सगळं कुटुंब त्यांच्याभोवती जमलं आहे. आणि श्री. गबाळे? त्यांच्याभोवती कोण आहे? साहेब! घरी जायची वेळ झाली तरी ते ऑफिसातच आहेत, म्हणून साहेबांनी त्यांना घड्याळ दिलं आहे. आता तरी घरी जा, गबाळे!”

दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. हॉलमधला एकही माणूस दुधखुळा नव्हता. कोण कोण होतं ते सगळ्यांना कळलेलं होतं. पण इतकं हसून झाल्यावर ते बोलून दाखवायला कोणाला जागाच उरली नव्हती. बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, “नियमाप्रमाणे मला विचारावं लागेल. या बोधपटातून आपण काय शिकलात?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझी कॉमेंट्री खरी धरून कोणी टॉवेल पलंगावर टाकावा म्हणाला असता तर मेलोच होतो. तेवढ्यात मुलगी उभी राहिली. तिचा चेहरा आजोबांसारखाच सरळ होता.

“माणसानं नीटनेटकं राहावं,” ती म्हणाली. “आमच्या आजोबांसारखं.”

आणि खाली बसून तिने आजोबांच्या कॉलरची दुमडलेली कड सरळ केली. बाईंनी पर्स उचलली. मग “उत्तर बरोबर आहे,” एवढंच म्हणून त्या रीळ घेऊन गेल्या.

घरी येईपर्यंत सासरे एक शब्द बोलले नाहीत. “वा, जावईबापू” तर राहूच द्या. मी अंघोळ न करताच झोपलो.

सकाळी अंघोळ करून बाहेर आलो, ऑफिसला उशीर झालेला, आणि हाताने आपलं नेहमीचं काम केलं. टॉवेल पलंगावर. वळून बघतो तर दारात सासरे. मी उचलायला वाकलो.

“राहू द्या,” ते म्हणाले, आणि पलंगाच्या कडेला, टॉवेलापासून वीतभर अंतर ठेवून बसले. “दिग्दर्शकानं मला नुसतं बघितलं आणि म्हणाला, तुम्ही काही करू नका, जसे आहात तसे उद्या या. अभिनय मी केलाच नाही हो. तो माझाच शर्ट होता.”

“मग बाबा, नीटनेटके?”

“तुमच्या सासूबाई. स्थळ बघायला गेलो तेव्हा त्यांनी तो बोधपट पाहिलेला होता. म्हणाल्या, तुम्हीच ना ते नीटनेटके? चेहऱ्यांचा घोटाळा झाला होता त्यांचा. आणि इतक्या आनंदानं विचारलं...” सासरे थांबले. “मी हो म्हटलं. मग निभावावं लागलं.”

“जन्मभर?”

“पहिली दोन वर्षं जड गेली. नंतर सवय झाली.”

“त्यांना कधी कळलं नाही?”

“लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिहेरी घडी कशी घालायची ते त्यांनीच मला दाखवलं. का दाखवताय म्हणून मी विचारलं नाही, आणि त्यांनीही काही विचारलं नाही. चांगली बाई होती हो.”

आम्ही दोघं टॉवेलाकडे बघत बसलो. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मग सासरे एकदम म्हणाले, “पण एका टेकमध्ये जमलं होतं मला ते. काल बघितलंत ना? न बघता फेकला होता.”

“बघितलं की! काय पडला होता बाबा, वा!”

त्यांनी टॉवेल उचलला, उभे राहिले, दार बंद असल्याची खात्री करून घेतली आणि फेकला. टॉवेल पलंगाच्या मधोमध पडला. तिहेरी घडीत, चारही कोपरे एकावर एक.

सासऱ्यांनी पुन्हा फेकला. पुन्हा घडी. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना.

“गेलं सगळं,” ते म्हणाले.

“जात नाही हो,” मी म्हटलं, आणि त्यांचा हात मनगटाशी धरून सैल केला. “तुम्ही टॉवेलाचा विचार करताय. करायचा नाही. ऑफिसला उशीर झालाय असं समजा. हे असं.” आणि मी फेकला. अर्धा गादीवर, अर्धा जमिनीवर, एक टोक माझ्या चपलेत.

सासरे वाकून चपलेतलं टोक बघू लागले.

“वा, जावईबापू,” ते म्हणाले. “परत एकदा दाखवा.”